दुपारची नोंद

सात वर्षं मी हे सांगायचं टाळत आलो आहे. टाळायला फार काही करावं लागत नाही. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचं, एवढंच. धरणगाव रस्त्यावरच्या आमच्या मळ्याचं नाव कुणी काढलं की मला तहान लागते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. का लागते ते फक्त माझ्या बायकोला कळलं होतं, आणि तिने ते कधी उघडपणे विचारलं नाही.

पण डिसेंबर लागला की टाळता येत नाही. त्या दिवसांत जळगावच्या कुठल्याही कॉलनीतून संध्याकाळी चालत जा, एखाद्या मोकळ्या प्लॉटवर पऱ्हाट्या पेटलेल्या दिसतात. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ती वाळकी झाडं. जाळ भसकन होतो, आणि त्यात हिरवी लांबट वांगी काळी पडेपर्यंत भाजतात. त्या धुराला एक गोडसर करपट वास असतो. खानदेशात वाढलेल्या माणसाला त्या वासाने भूक लागते. मलाही लागायची. आता तो वास आला की मी खिडकी लावून घेतो. परवा लावायला उठलो आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो. वय चौऱ्याहत्तर. अजून किती हिवाळे खिडक्या लावणार?

माझं मूळ गाव धुळ्याकडचं, शिंदखेड्याच्या बाजूचं. आईची भाषा अहिराणी. नोकरीला वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात आलो आणि चौतीस वर्षं तपासणीच्या खात्यात काढली. तिथे माझं काम एकच: तयार झालेला माल मोजायचा, मापात असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर परत पाठवायचा. माझ्या शिक्क्याला माझा स्वतःचा नंबर होता. एखादी गोष्ट बरोबर आहे असं नुसतं वाटून चालत नाही, ती मोजावी लागते आणि मोजल्यावर लगेच शाईने लिहावी लागते, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की घरी दूधवाल्याचं मापसुद्धा मी एकदा मोजून पाहिलं होतं. कुसुमने, म्हणजे बायकोने, महिनाभर मला 'साहेब' म्हणून हाक मारली होती.

निवृत्त झालो आणि शिक्का जमा करून जळगावच्या घरी आलो. पुढची काही वर्षं मी नुसता बसलो होतो, असं म्हटलं तरी चालेल. मग एका दिवाळीत माझा पुतण्या प्रशांत घरी आला. धरणगाव रस्त्यावरची आमची सामाईक शेती तोच पाहतो. त्याच्या डोक्यात नवीनच काहीतरी होतं.

"नाना, आपण मळ्यात पेंटबॉल सुरू करतोय, रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ. हिवाळ्यात लोक भरीत खायला येतातच. खाण्याआधी खेळतील."

"म्हणजे बंदुका?"

"बंदूक म्हणू नका, मार्कर म्हणा. बंदूक म्हटलं की आया पोरांना पाठवत नाहीत."

त्याला साधा अर्ध्या तासाचा खेळ नको होता. त्याला कथेचे खेळ घ्यायचे होते. प्रत्येक खेळाला एक गोष्ट. एका गटाकडे निरोप, तो सूर्य मावळायच्या आत मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचा. दुसऱ्या गटाने तो अडवायचा. कुणी वैद्य, कुणी फितूर, कुणी नाकेदार, प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी आणि चिठ्ठीत त्याचं काम. सकाळी आठला सुरू झालेला खेळ संध्याकाळपर्यंत चालायचा. कापूस वेचलेलं रान, रिकामी बैलगाडी, गोणपाटाचे आडोसे, पऱ्हाट्यांचे ढीग, हाच सगळा देखावा.

"अर्ध्या तासाच्या खेळात मार्कर अडकला तर लोक हसतात," प्रशांत म्हणाला. "पण दिवसभर निरोप सांभाळणाऱ्याचा मार्कर दुपारी बंद पडला तर त्याची सगळी गोष्टच बुडते. मला न अडकणारा मार्कर निवडून द्या. हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

हे शेवटचं वाक्य त्याने खुशामत म्हणून टाकलं असेल. मी ते सबंध हिवाळा छातीवर पदकासारखं वागवलं.

त्या हिवाळ्यातला पहिला महिना माझ्या आयुष्यातल्या उत्तम महिन्यांपैकी एक होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तेही खरं आहे. सकाळी सातची गाडी धरून मळ्यात जायचं, दव पडलेल्या बांधावरून चालायचं, बुटाला माती चिकटायची, हात गारठून लाकडासारखे व्हायचे. गोठ्याशेजारच्या खोलीत लांब टेबल टाकलं होतं. त्यावर तीन नमुने होते. एक हलका, चकचकीत, बॅटरीवर चालणारा. एक हाताने मागे ओढून भरायचा. आणि एक जड, काळा, साध्या स्प्रिंगचा, दिसायला पाण्याच्या नळासारखा.

आणि तिथे दगडू होता.

दगडू माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याच्या पलीकडच्या एका गावातला. धरणगावात फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. कुठल्या पंपाचा वायसर गेलाय हे तो पंप न उघडता, नुसता हलवून सांगायचा. प्रशांतने त्याला मार्कर सांभाळायला ठेवला होता. पहिल्या दिवशी त्याने तो काळा मार्कर हातात घेतला, उलटा केला, नळीतून सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाना, हाऊ तर पंपच शे. औषधना जागावर गोळी."

मी त्याला समजावून सांगणार होतो की तसं नसतं. पण तसंच असतं. बाटलीतला गॅस सुटतो आणि रंगाची गोळी पुढे ढकलतो, एवढाच त्या यंत्राचा जीव.

तिन्ही नमुने आम्ही कारखान्याच्या पद्धतीने तपासले. मातीत लोळवले. कापसाचा भुगा आत फुंकला. दवात रात्रभर ठेवून सकाळी ओल्या हातांनी चालवले. एका जुन्या गादीवर प्रत्येकातून पाचशे गोळ्या मारल्या. दगडू मोजायचा, मी लिहायचा. गादी इतकी रंगली की दगडू म्हणाला, आता हिला लग्नात देता येईल. चकचकीत मार्कर पहिल्या दोनशे गोळ्यांत सगळ्यात छान होता, मग आत कापसाची बारीक लव गेली आणि तो रुसला. ओढून भरायचा मार्कर कधीच अडकला नाही, पण नवखा माणूस घाबरला की ओढायलाच विसरतो. प्रशांत स्वतः तीनदा विसरला. काळा मार्कर मातीतून काढला, झटकला, आणि चालला. पाचशेत एक गोळी आत फुटली, तीही गोळीच सुजलेली होती म्हणून. फुटल्यावर नळीत फडकं ओढलं की काम पुन्हा सुरू.

"हाच," मी म्हणालो. "कुरूप आहे, पण शब्दाला जागतो."

राहता राहिला गॅसचा प्रश्न. साधी दाबलेली हवा वापरावी की कार्बन डायऑक्साइड? हवेचा दाब ऊन-थंडीत फारसा हलत नाही, पण ती भरायला मोठं यंत्र लागतं आणि बिघडलं तर नाशिकला न्यावं लागतं. कार्बन डायऑक्साइड जळगावात सहज भरून मिळतो. भरवसा म्हणजे जवळ दुरुस्त होणारी वस्तू, असं मी ठरवलं आणि गॅस निवडला.

दगडू तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, "नाना, हाऊ गॅस उनमा फुगस. आपलं आठलं ऊन तुमले माहीत शे."

आपलं इथलं ऊन मला काय, सगळ्या जगाला माहीत आहे. डिसेंबरातसुद्धा पहाटे स्वेटरवर शाल घ्यावी लागते आणि दुपारी बाराला सदऱ्याची बटणं काढावी लागतात. सकाळी गॅस गारठलेला असतो, गोळी लुळी पडते. म्हणून वेगाचा स्क्रू आवळावा लागतो. दुपारी तोच गॅस तापतो आणि आवळलेल्या स्क्रूवर गोळी मर्यादेच्या कितीतरी बाहेर जाते. दगडूने एका वाक्यात सांगितलेलं मी दोन पानं आकडेमोड करून मान्य केलं. त्यावर मी नियम केला. सकाळी आठला वेग मोजायचा. दुपारी बाराला पुन्हा मोजायचा आणि स्क्रू सैल करायचा. सेकंदाला दोनशे ऐंशी फुटांच्या वर एकही मार्कर मैदानात जाणार नाही. वेग मोजायचं छोटं यंत्र माझ्या ताब्यात. स्क्रूचा पाना दगडूच्या गळ्यात, दोरीला बांधून. आणि मी समोर मोजत असल्याशिवाय दगडूने एकाही स्क्रूला हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा. तो मी केला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. मोजणारा वेगळा आणि फिरवणारा वेगळा, म्हणजे चूक होणार नाही. कारखान्यात तेच होतं.

नोंदवहीही मीच घातली. लाल कापडी पुठ्ठ्याची. डाव्या पानावर सकाळ, उजव्या पानावर दुपार. निळी शाई. दगडू माझं लिहिणं बघत उभा राहायचा. "नाना, तुमनं अक्षर म्हंजे छापेलच वाटस," म्हणायचा. त्याला लिहिता यायचं, पण अडखळत. आठवडाभरात मला दिसलं की तो एका पत्र्याच्या तुकड्यावर खडूने आकडे काढायला शिकतोय, माझ्या सातासारखा सात, आडवी रेघ असलेला.

मी त्याच्याशी प्रमाण मराठीत बोलायचो. तो अहिराणीत. मला त्याचा शब्द न् शब्द कळायचा, माझ्या आईचीच भाषा ती. पण वरणगावला साहेब झालो तेव्हा ती भाषा मी गणवेशाच्या घडीत ठेवून दिली होती आणि निवृत्तीनंतर गणवेश परत केला तरी ती काही बाहेर काढली नाही.

तो रविवार जानेवारीतला. चाळीसगावहून तरुणांचा एक मोठा गट आला होता. आणि त्याच दिवशी मी माझ्या जुन्या खात्यातल्या चार सोबत्यांना भरीत खायला बोलावलं होतं. मला त्यांना मार्कर दाखवायचा होता. खरं सांगायचं तर मला स्वतःला दाखवायचं होतं.

सकाळी आठची नोंद झाली. फार थंडी होती. गोळ्या दोनशे तीसच्या वर जाईनात. मीच दगडूला सांगितलं, बाटल्या उन्हात मांड आणि प्रत्येक स्क्रू दोन आटे आवळ. त्याने आवळले, मी मोजलं. दोनशे बहात्तर, दोनशे पंचाहत्तर, असे आकडे आले. लिहिले. खेळ सुरू झाला.

अकराच्या सुमारास सोबती आले. बांधाच्या कडेला पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी टाकली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, लाकडी भांड्यात ठेचलेल्या मिरच्या. उन्हाने पाठ तापत होती आणि जाळाने तोंड. मी काळा मार्कर मांडीवर घेऊन बोलत होतो. मातीत लोळवल्याचं, पाचशे गोळ्यांचं, गादीचं. एक सोबती म्हणाला, "काय रे, निवृत्त झाला पण शिक्का अजून हातातच आहे तुझ्या." दुसरा म्हणाला, "शिक्का कुठला, त्याच्या तोंडालाच नंबर आहे." आम्ही हसलो. मला फार बरं वाटत होतं.

दगडू आला आणि जरा लांबच उभा राहिला.

"नाना, बारा वाजी ग्यात. मोजानं ना?"

"येतो."

थोड्या वेळाने तो पुन्हा आला. "नाना, बठ्ठ्या बाटल्या उनमा शेतस."

मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हात झटकला, जसा माशी उडवायला झटकतात तसा, आणि म्हणालो, "कळतं रे मला. जा तू, आलोच."

तो गेला. गळ्यात पाना होता. हात मोकळे होते. पण मी समोर नसताना स्क्रूला हात लावायचा नाही, हा माझा नियम त्याने पाळला.

एक वाजायच्या आधी मैदानातून ओरडा आला. चाळीसगावच्या एका तरुणाला जवळून गोळी लागली होती, कानावर. मुखवटा होता, पण कानाच्या बाजूला नुसता पातळ फोम. तो खाली बसला होता, तळहाताने कान दाबून, आणि त्याचे मित्र त्याला विचारत होते त्यातलं काहीच त्याला कळत नव्हतं. प्रशांतने गाडी काढली. पडदा फाटलाय असं धरणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं.

गाडी गेल्यावर मी खोलीत गेलो आणि त्या तरुणाला ज्याची गोळी लागली तो मार्कर वेगाच्या यंत्रासमोर धरला. तीनशे बत्तीस. बाटलीला हात लावला तर चटका बसावा इतकी तापलेली.

त्या तरुणाचा कान तीन महिन्यांत भरून आला. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा खेळायलासुद्धा आला. माझं ओझं तो कान नाही.

त्या दुपारी खोलीत मी एकटा होतो. सोबती घाबरून निघून गेले होते. वही समोर होती. डावं पान भरलेलं, उजवं कोरं. मी पेन उघडलं. उजव्या पानावर 'दुपारी १२' लिहिलं आणि खाली आकडे लिहिले. दोनशे चौऱ्याहत्तर. दोनशे एकाहत्तर. दोनशे शहात्तर. दोनशे त्र्याहत्तर. आकडे कसे दिसायला हवेत हे मला ठाऊक होतं, सारखे नकोत, फार वेगळेही नकोत. अक्षर जराही हललं नाही. खाली सही केली.

मला वाटलं, मी फक्त माझी मोजायची राहिलेली वेळ झाकतो आहे. तेव्हा एवढंच वाटलं. त्या आकड्यांचा दुसरा अर्थ प्रशांत परत आल्यावर निघाला.

तो आला, घामाघूम. मी मोजलेला तीनशे बत्तीस त्याने स्वतः पुन्हा मोजून पाहिला. मग वही उघडली. डावं पान वाचलं, उजवं वाचलं. आणि दगडूकडे वळला.

"बाराला दोनशे चौऱ्याहत्तर. एकला तीनशे बत्तीस. मधल्या तासात स्क्रू कुणीतरी फिरवलाय. पाना कुणाकडे असतो, दगडू?"

दगडूने गळ्यातल्या पान्याला हात लावला. जणू तो अजून तिथेच आहे का ते पाहिलं.

"मी नही फिरावा."

"मग कुणी? भुताने? कुणी चहापाण्याला काही दिलं का, आमचा जोरात मार म्हणून?"

हे प्रशांतने बोलायला नको होतं. पण त्याच्यासमोर वही होती, आणि वहीवर माझी सही होती. त्याने त्या सहीवर विश्वास ठेवला, त्याचा दोष मी त्याला कसा देऊ?

दगडू त्याच्याशी भांडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी निवांत पाहिलं, जसं आपण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो तसं.

"नाना सांगतीन," तो म्हणाला.

खोलीत तेलाचा आणि धातूचा वास होता आणि बाहेरून पऱ्हाट्यांच्या राखेचा. मी वहीकडे पाहत होतो. शाई वाळली होती.

"नोंद बरोबर आहे," मी म्हणालो.

तीन शब्द. चौतीस वर्षांत मी हजारो वेळा हे तीन शब्द बोललो असेन आणि प्रत्येक वेळी ते खरे होते. म्हणूनच त्या दिवशी कुणी दुसरं काही विचारलं नाही.

दगडूने दोरी डोक्यावरून काढली. पाना टेबलावर ठेवला, टाकला नाही, ठेवला. दोरी गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवली. चपला घातल्या आणि बांधावरून गेला. 'तुम्ही मोजंच नही' एवढं तो म्हणू शकला असता. दोनदा बोलवायला आलो होतो, असंही म्हणू शकला असता. माझे चार सोबती साक्षीला होते. तो काही बोलला नाही. मी एकदा 'बरोबर आहे' म्हटल्यावर त्याच्या लेखी ते संपलं होतं, की त्याला माझी लाज वाटली, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी कुसुमने माझं ताट वाढलं. डब्यात भरीत आलं होतं. मी घास घेतला आणि ठेवला.

"बोटाला शाई कसली?" तिने विचारलं.

"नोंद केली."

"रोज दोनदा करता. बोटाला कधी लागत नाही."

मी उठून हात धुतले. तिने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "दगडूभाऊंना घरी बोलवा एकदा. पंप दाखवायचाय आपला." आमच्या घरी पंप नव्हता.

मी बोलावलं नाही. मार्चपर्यंत धरणगावात बातमी पसरली होती की दगडू बिनविश्वासाचा, मळ्यात स्क्रूंशी खेळला आणि एका तरुणाचा कान घालवला. जे दुकान त्याच्याकडे पंप दुरुस्तीला पाठवायचं त्याने पाठवणं थांबवलं. फवारणीच्या पंपाचा दाब चुकला तर औषध माणसाच्या अंगावर येतं, ही भीती लोकांना असतेच. ती रास्त आहे. फक्त चुकीच्या माणसाची होती. पावसाळ्याच्या तोंडावर तो बायको-मुलीला घेऊन गावी परत गेला. मी मळ्यात जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. प्रशांतने पुढच्या वर्षी दाबलेल्या हवेचं यंत्र आणलं आणि मला फोन करून म्हणाला, "नाना, मार्कर मात्र तुम्ही निवडला तोच चालतोय. एकदाही अडकला नाही." मी पाणी प्यायला गेलो.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी दगडूच्या गावी गेलो होतो. पिशवीत लाल वही होती. जळगावहून चोपड्याची गाडी, तिथून दुसरी. सगळ्या वाटेवर मी काय बोलायचं ते ठरवत होतो. आधी प्रमाण मराठीत ठरवलं, तर ते कार्यालयात लेखी खुलासा देतात तसं वाटायला लागलं. 'सदर नोंद माझ्याकडून अनवधानाने' वगैरे. अनवधान कसलं? मग चोपडा सुटल्यावर, खिडकीतून सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली तेव्हा मी तेच मनात आईच्या भाषेत बोलून पाहिलं. आश्चर्य म्हणजे चार लहान वाक्यांत संपलं. शेजारचा माणूस माझे ओठ हललेले पाहून जरा सरकून बसला.

दगडू ओट्यावर पंप खोलून बसला होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून उठला आणि तेलाचे हात मागे धरून वाकला.

"नाना? कसं काय येणं व्हयनं? बसा, बसा. पानी ल्या."

मुलीने पाणी आणलं, मग चहा. मी विचारलं, काम मिळतं का. तो म्हणाला, "आजूबाजूना गावना लोके येतस. भागस." ओट्याच्या कडेला दुरुस्त केलेले पंप ओळीने ठेवले होते. प्रत्येकावर खडूने दोन आकडे लिहिलेले होते, एकाखाली एक. सातावर आडवी रेघ होती.

"हे काय?" मी विचारलं.

"दाब. वरला सकायना, खालना दुपारना." तो हसला. "तुम्हीच शिकाडेल शे ना, नाना. ऊन चढनं का मी परत मोजस. त्याशिवाय पंप देत नही."

माझा हात पिशवीत होता. वहीचा कापडी पुठ्ठा बोटांना लागत होता. चार वाक्यं जिभेवर होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मुलगी काय करते?"

मुलगी बारावीला होती. आम्ही तिच्याबद्दल बोललो. पावसाबद्दल, मक्याबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो. निघताना त्याने मला गाडीपर्यंत सोडलं. गाडी दिसली तेव्हा त्याने विचारलं,

"नाना, ती लाल वही शे का आजून?"

"आहे," मी म्हणालो. ती माझ्या काखेतल्या पिशवीत होती.

"जपी ठेवा. तुमनं अक्षर गह्यरं चांगलं व्हतं."

तो टोमणा होता का? त्याच्या तोंडावर तसं काही नव्हतं. तो टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, त्याला धरून मी बोलू शकलो असतो. गाडीत चढलो. खिडकीतून मागे पाहिलं तर तो अजून उभा होता, उन्हाला हात आडवा धरून.

गेल्या रविवारी मी प्रशांतला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "नाना, आता कशाला?" माझी काळजी म्हणूनच तो तसं म्हणाला. पण मला वाटलं, मी सात वर्षं हेच तर स्वतःला म्हणत आलो आहे. मी त्याला म्हटलं, धरणगावच्या त्या दुकानात जाऊन सांग. माझं नाव घेऊन सांग. तो हो म्हणाला. मी त्याला उद्या पुन्हा विचारणार आहे.

आणि वही दुरुस्त केली. कारखान्यात चुकलेली नोंद खोडायची पद्धत असते. गिरबटायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं चुकलेलं वाचता येईल. मग शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. मी त्या चार आकड्यांवर रेघ मारली. रेघ वाकडी आली. शेजारी लिहिलं: मोजले नाही. सही केली. कुसुम मागे उभी होती. तिने वाचलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून वांगं भाजल्याचा वास आला. गॅसवर भाजत होती, पऱ्हाट्यांवर नाही, तरी तो वास तोच. मी खिडकी उघडीच ठेवली.

या हिवाळ्यात मी दगडूकडे जाईन, असं मी इथे लिहिणार नाही. एकदा मी न केलेलं काम केलं म्हणून लिहिलं आहे. तेव्हा जे झालं तेवढंच लिहितो. चोपड्याहून सुटलेल्या गाडीत, खिडकीशी बसून मी मनात जे म्हटलं आणि त्याच्या ओट्यावर जे म्हणू शकलो नाही, ते असं होतं:

दगडूभाऊ, त्या दुपारले मी मोजेलच नव्हतं. तू दोनदा बलावाले येल व्हता. तुनी चुकी नव्हती, मनी व्हती. माले माफ कर.